काही होत नाही

परवा संध्याकाळी बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले होते. पावसाळ्यात सातच्या सुमारास डोंबिवलीत मेडिकलसमोर असते तशी गर्दी होती. निथळत्या छत्र्या, काचेच्या काउंटरवर कोपर टेकलेली माणसं, कुणाच्या तरी मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. माझ्या पुढे एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीसची असेल. पाठीला सॅक, केस ओले, चपला चिखलानं माखलेल्या. तिचा नंबर आला तेव्हा ती तोंडानं काही बोललीच नाही. मोबाइल काचेवर ठेवला आणि बोटानं पुढे सरकवला. काउंटरवरच्या पोरानं आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. आत जाऊन हिरव्या झाकणाची एक बाटली घेऊन आला आणि न सांगता खाकी पिशवीत घातली, सॅनिटरी पॅड देताना घालतात तशी. ‘उपाशीपोटी घ्यायची का दादा?’ ‘जेवणाआधी अर्धा तास. दोन वेळा.’ ‘साइड इफेक्ट वगैरे?’ ‘काही होत नाही. आयुर्वेदिक आहे.’ तिनं पैसे स्कॅन केले. इतकी सगळी कुजबुज झाल्यावर काउंटरवरचा तो चौकोनी डबा खणखणीत आवाजात ओरडला, आठशे नव्व्याण्णव रुपये मिळाले म्हणून. रांगेतल्या चार माना वळल्या. मुलीनं पिशवी सॅकमध्ये कोंबली आणि छत्री न उघडताच पावसात गेली.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते मी बोलले नाही.

‘बोला मावशी,’ पोरगा म्हणाला आणि मी माझी रिकामी स्ट्रिप पुढे केली. टेल्मिसार्टन चाळीस, दोन पानं. घरी येऊन कुकर लावला, भाजी फोडणीला टाकली, पण ते ‘काही होत नाही’ कानात राहिलं ते राहिलंच. कारण ते वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, मुलीच्या जागी स्वतः उभी राहून.

२००६ साल. मी चौतीस वर्षांची, धाकटा शाळेत जायला लागलेला, आणि नणंदेचं लग्न डिसेंबरात ठरलेलं. माझ्या लग्नातल्या शालूवरचं ब्लाउज घेऊन टेलरकडे गेले होते. आमचे टेलरकाका ब्लाउज उलटं करून आतली शिवण दिव्याखाली धरायचे. चांगला टेलर आत कापड राखून ठेवतो, त्याला आम्ही सगळ्या मार्जिन म्हणतो. एक टीप उसवली की अर्धा इंच मिळतो. माझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना जुन्या टिपांच्या भोकांच्या तीन-तीन रेघा होत्या. पहिल्या बाळंतपणानंतरची, दुसऱ्या बाळंतपणानंतरची आणि मधे कधीतरी नुसतीच. काकांनी अंगठ्यानं कापडाची कड चाचपली आणि अगदी सहज म्हणाले, ‘ताई, मार्जिन संपलं.’ त्यात टोमणा नव्हता हो. कापडाबद्दलच बोलत होते ते. पण त्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी रडले होते, हे आज लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतं.

गोळीचं नाव मला ८:१२ च्या लेडीज डब्यात कळलं. त्या डब्यात तेव्हा काय मिळायचं नाही! टिकल्या, क्लिपा, निवडलेली मेथी, मुलांसाठी स्थळं. आमच्या ग्रुपमधली एकजण दोन महिन्यांत सुकली होती आणि सगळ्यांना ‘गरम पाणी-लिंबू’ सांगत होती. एकदा घाटकोपर सुटल्यावर ती माझ्या कानाशी आली आणि खरं काय ते सांगितलं. पर्समधल्या पावतीच्या मागे नाव लिहून दिलं. ते औषध होतं सिब्युट्रामाइन. मी ते आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून घेतलं नाही, तिथला माणूस सासऱ्यांना ओळखायचा. ऑफिसमधून निघून स्टेशनच्या वाटेवर एक दुकान होतं, तिथं घेतलं. चिठ्ठी विचारली नाही. कुठं विचारतात? अमेरिकेत ‘ओव्हर द काउंटर’ म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी असलेली औषधं. आपल्याकडे काउंटर आहे आणि त्याच्यावरून सगळंच मिळतं. कागदावर ते औषध शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत होतं की आणखी कशात, हे ना देणारा वाचतो ना घेणारा. ‘काही त्रास?’ मी विचारलं होतं. ‘काही होत नाही मॅडम. तोंड जरा सुकेल.’

तोंड सुकलं खरंच. जीभ टाळूला चिकटून राहायची, सकाळी उठल्यावर कापूस चघळल्यासारखं व्हायचं. पण भूक! ती कुणी तरी स्विच बंद केल्यासारखी गेली. नुसती कमी झाली नाही, तिच्यातला हट्टच गेला. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या वड्याचा वास यायचा, पण तो शेजारच्या घरातल्या टीव्हीच्या आवाजासारखा; चालू आहे, आपला नाही. डब्यातल्या पोळ्या तशाच परत यायच्या. सासूबाई एकदा डबा उघडून बघत म्हणाल्या, ‘भाजी आवडत नाही का गं हल्ली माझी?’ मी म्हटलं, मीटिंग होती. रात्री झोप यायची नाही. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे, शेजारच्या खोलीत कुणी मसाला कुटत असावं तसे. मग मी उठून कपाटं आवरायचे. पहाटे तीनला लोणच्याच्या बरण्या पुसलेल्या आहेत मी. आणि खरं सांगायचं तर ते चार महिने मी फार खुशीत होते. हे लिहायचं टाळणार होते. पण माझी सात किलो उतरली, शालू नेसले, ब्लाउजची एक टीप उलट आत घ्यावी लागली, आणि लग्नात ज्या बायकांनी मला कधी दोनदा वळून पाहिलं नव्हतं त्या कोपऱ्यात नेऊन विचारत होत्या, काय करतेस गं? ‘जिने चढते,’ मी सांगायचे. ‘लिफ्ट सोडली बघ.’

मग ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. बीपी एकशेपन्नास बाय शंभर. डॉक्टरांनी दोनदा पट्टा गुंडाळला. ‘काही औषध चालू आहे?’ त्यांनी विचारलं. चांगले होते, घाईत नव्हते, पेन खाली ठेवून विचारलं होतं त्यांनी. मी नाही म्हणाले.

मला त्या सगळ्या प्रकरणात गोळी घेतल्याचं इतकं वाटत नाही, जितकं त्या ‘नाही’चं वाटतं. सिब्युट्रामाइन मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर काम करतं, त्यानं भूक मरते आणि त्याच दमात नाडी आणि रक्तदाब चढतो. हे त्या डॉक्टरांना माहीत असणार. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी गोळी थांबवून महिन्यानं परत बोलावलं असतं. त्याऐवजी त्यांनी मला मीठ कमी करायला सांगितलं आणि बीपीचं औषध लिहून दिलं, आणि पंधरा दिवस मी एका हातानं बीपी चढवायची आणि दुसऱ्या हातानं उतरवायची गोळी घेत होते. नंतर घाबरून कॅप्सूल बंद केल्या. वर्षभरात सात किलो परत आली, वर दोन पाहुणी घेऊन. आज मी जी टेल्मिसार्टन घेते तिचा त्या चार महिन्यांशी संबंध असेलच असं नाही. माझ्या आईलाही बीपी होतं. पण स्ट्रिप फोडताना मनात येतंच.

२०१० च्या ऑक्टोबरात पेपरात बातमी आली की कंपनीनं ते औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. युरोपात त्याच वर्षी जानेवारीत थांबवलं होतं. हृदयाचा त्रास असलेल्या किंवा होण्याचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर चाचणी केली होती आणि त्यात औषध घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना साध्या, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा १६ टक्क्यांनी जास्त निघाल्या. २०११ च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारनंही बंदी घातली. ती बातमी मी त्याच डब्यात, कुणाच्या तरी खांद्यावरून वाचली. नाव देणारी समोरच्या सीटवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मग तिनं लसूण सोलायला घेतला.

तोवर मला वाटायचं, मी एका चुकीच्या गोळीच्या नादी लागले. नंतर जसजसं वाचत गेले तसं लक्षात आलं, या रस्त्यावर आधीही बरेच पाय घसरलेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार वाळत चालले होते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत तेच रसायन वजन उतरवायला विकायला लागले. शरीराची भट्टी इतकी पेटायची की काहीजण तापानं गेले, काहींना मोतीबिंदू झाला, आणि १९३८ चा नवा कायदा आल्यावर ते बंद झालं. १९९७ मध्ये फेनफ्लुरामाइन हृदयाच्या झडपा बिघडवतं म्हणून मागे घेतलं. रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात आलं आणि २००८ मध्ये नैराश्यामुळे थांबवावं लागलं. एफेड्रा हे तर झाड, ‘नैसर्गिक’. त्यावर अमेरिकेनं २००४ मध्ये बंदी घातली. सगळ्यांच्या सुरुवातीला कुणी तरी कुणाला तरी म्हणालंच असणार, काही होत नाही.

एकच गोळी मला त्यातल्या त्यात सरळ वाटते, आणि ती सगळ्यात लाजिरवाणी आहे. ऑर्लिस्टॅट. ६० मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत २००७ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती डोक्यात, काळजात कुठं जात नाही. आतड्यात बसून तेल-तूप पचवणारं विकर अडवते, म्हणजे खाल्लेल्या स्निग्धातला साधारण पाव हिस्सा न पचता तसाच बाहेर. आमच्या ऑफिसातल्या एकीनं दिवाळीत घेतली होती, फराळाची तजवीज म्हणून. चकल्या, चिवडा, शेव, वर गोळी. भाऊबीजेला भावाच्या घरच्या पांढऱ्या सोफ्यावरून ती उठेचना. का उठत नाही हे तिनं आम्हाला जानेवारीत सांगितलं, आणि हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तेलाचा डाग असा तसा जात नाही हो. या गोळीला गुप्तता पाळता येत नाही; जास्त तेल खाल्लंत की ती चारचौघांत तुमची चहाडी करते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तेलाबरोबर थोडी वाहून जातात, क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि एवढं सोसून मिळतं काय? डॉक्टरी ताकदीच्या, म्हणजे दुप्पट डोसच्या चाचण्यांतसुद्धा वर्षभरात साध्या गोळीपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त. तीन किलो म्हणजे ब्लाउजची फार तर एक टीप.

पण त्या मुलीच्या हातात ऑर्लिस्टॅट नव्हतं. हिरवं झाकण, पान, फळ. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि तीच बाटली घेतली. का घेतली हे नीट सांगता येणार नाही. वाचायची होती, हे खरं. तेवढंच खरं होतं का, याची खात्री नाही. डबा माझ्याही नावानं ओरडला.

घरी येऊन चष्म्यावर भिंग धरून लेबल वाचलं. गार्सिनिया कंबोजिया, ग्रीन कॉफी, ग्रीन टी. पुढच्या बाजूला सडपातळ कंबर आणि ‘फॅट बर्नर’, मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजीत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’, औषधी वापरासाठी नाही. मेडिकलच्या दुकानात मिळतं, गोळीसारखं दिसतं, जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, पण औषध नाही, अन्न आहे. आयुर्वेदिक परवान्याचं तर त्यावर नावच नव्हतं, होता तो अन्नाचा परवाना. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं आपल्याकडे मनाई आहे. त्या यादीत लठ्ठपणा स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून ही बाटली ‘बरा करतो’ असं कुठंच म्हणत नाही. ती नुसती कंबर दाखवते.

गार्सिनियाचं चित्र बघून मला हसूच आलं. हा आपल्या कोकमाचा केरळी चुलतभाऊ, तिकडे माशाच्या कालवणात घालतात. ज्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लासाठी त्याच्या कॅप्सूल होतात ते आपल्या कोकमातही असतं. माझं आजोळ मालवणजवळचं. मे महिन्यात अंगणभर रातांबे फोडलेले असायचे, बोटं चार-चार दिवस जांभळी. सालं काढायची, त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत टाकायची, आमसुलं काळी कुळकुळीत होईपर्यंत. बियांचं आजी मुठेल काढायची, त्याचे पांढरे गोळे थंडीत टाचांना चोळायचे. वजन उतरवणारं म्हणून विकलं जाणाऱ्या फळाच्या बीत तूप भरलेलं! आणि सोलकढी आमच्याकडे कशासाठी? सुरमईची दुसरी तुकडी खाल्ल्यावर तिसरीला जागा व्हावी म्हणून. आजोळी दोन वेळा सोलकढी पिऊन बारीक झालेलं कुणी मी पाहिलेलं नाही. मामा तर मुळीच नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर याची नीट चाचणी झाली, बारा आठवडे. गार्सिनिया घेणाऱ्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं आणि नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचं ४.१. मी हा आकडा दोनदा वाचला. दोन्ही गटांना बेतानं जेवायला दिलं होतं, त्यानं जे व्हायचं ते झालं. ग्रीन कॉफीची गोष्ट आणखी मजेशीर. २०१२ मध्ये एक अभ्यास आला, माणसं मोजून १६. अमेरिकेतल्या टीव्हीवर त्याचा उदोउदो झाला. ती चाचणी झाली होती आपल्या भारतात, आणि तिच्यात वजनाचे आकडे पुनःपुन्हा बदलले गेले, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगानंच म्हटलं. २०१४ मध्ये ती चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीनं ३५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं आणि तो निबंध मागे घेतला गेला. बाटलीवरून मात्र कॉफीची ती हिरवी बी काही हललेली नाही. ग्रीन टी प्यायला काही हरकत नाही, पण त्याचा अर्क कॅप्सूलमध्ये ठासून रोज घेतला तर लिव्हरला जड जाऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये त्यातल्या मुख्य घटकाची दिवसाला ८०० मिलिग्रॅम ही धोक्याची खूण दिली. या बाटलीवर तो घटक किती ते लिहिलेलंच नव्हतं.

म्हणजे काउंटरवरचा पोरगा अगदीच खोटं बोलला नव्हता. त्रासाचं सोडा, पण वजनाला काही होत नाही, हे खरंच होतं. मी स्वतःशीच हसत बाटली फ्रिजवर ठेवली आणि तो विषय तिथं संपायला हरकत नव्हती.

पण त्याच रात्री एक गोष्ट वाचली आणि हसू गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात भेसळीबद्दल इशारा दिलेल्या ७७६ पूरक उत्पादनांची कुणी छाननी केली होती. त्यातली ३१७ वजन उतरवायची, आणि त्यांतल्या २६९ मध्ये लेबलवर न लिहिता घातलेलं औषध होतं सिब्युट्रामाइन.

माझी जुनी मैत्रीण. पान-फूल माळून परत आलेली.

माझ्या वेळी निदान स्ट्रिपवर नाव होतं. किती मिलिग्रॅम ते होतं. डॉक्टरांशी मी खोटं बोलले, पण खरं बोलायला माझ्याकडे काही तरी होतं. उद्या त्या मुलीचं तोंड सुकलं, उशीत ठोके ऐकू आले आणि कुणी भल्या डॉक्टरनं पेन खाली ठेवून विचारलं, तर ती काय सांगणार? ‘आयुर्वेदिक आहे.’ ती खोटं बोलत नसेल. त्या बाटलीत असलं काही असेलच असं मी मुळीच म्हणत नाही. बहुधा नसेल. काहीच नसेल तर ती दोन महिन्यांनी सोडून देईल, आणि ‘फरक पडला’ तरच दुसरी बाटली घेईल. फरक पडणारी बाटलीच काळजीची, हे तिला कोण सांगणार?

आता तर सुया आल्यात. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात मिळायला लागली. डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायची, महाग, पण त्यांनी वजन खरंच उतरतं, एक-दोन टिपांचं नाही. घेणारे म्हणतात डोक्यातली खायची कटकट बंद होते. मला कळतं ते काय म्हणतात. शेजारच्या घरातला टीव्ही. मला हेवाही वाटतो, थोडा.

काल पुन्हा मेडिकलमध्ये गेले, यजमानांच्या डोळ्यांचे ड्रॉप्स आणायला. गर्दी नव्हती. पोरगा ओळखीचं हसला. ‘काय मावशी, फरक वाटला का त्या बाटलीनं? दुसरी घेऊन ठेवा. पहिल्या बाटलीत कळत नाही फारसं.’ बोलायला मोठ्यानंच बोलला. मागे कुणी तरी छत्री झटकली. वळून बघते तो आमच्याच मजल्यावरची, दोन वर्षांपूर्वी बाळंत झालेली, नोकरी परत धरलेली सून. माझे कान तापले. त्रेपन्न वर्षांची बाई मी, आणि तोंडातून काय निघालं, तर, ‘माझ्यासाठी नाही रे. भाचीसाठी होती.’

मला भाची नाही.

घरी परतताना आम्ही दोघी एकाच छत्रीत होतो, ती बाळाच्या खोकल्याबद्दल बोलत होती. लिफ्टमध्ये शिरलो, जाळीचं दार मी ओढलं. पहिला मजला गेला. दुसरा जाताना ती नंबरांच्या बटणांकडे बघत हळूच म्हणाली, ‘काकू, नाव काय हो त्या गोळीचं?’

लिफ्ट तिसऱ्यावर थांबली. ती बाहेर पडायला लागली, तशी मी तिचा हात धरला. ‘चहा टाकते,’ म्हटलं, ‘ये जरा आत. बाटली फ्रिजवर आहे, ती दाखवते. आणि आधी एक जुनी गोष्ट सांगायची आहे.’